जुन्या गाडीतील विजेचा जमाखर्च

बारामतीहून भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी या मार्गाने इंदापूरकडे जाताना वाटेत वालचंदनगरचा फाटा लागतो. सोलापूरच्या गुजराती दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशी यांनी कळंब गावाच्या परिसरात ही औद्योगिक वसाहत वसवली. साखर कारखाना आणि अवजड यंत्रसामग्री यांमुळे वालचंदनगर सर्वांच्या परिचयाचे आहे. मात्र महाराष्ट्रातील व्यापारी घरांच्या दारात कित्येक दशके उभ्या असलेल्या मोटारीशीही या नावाचा जवळचा संबंध आहे, याची आठवण नव्या पिढीला क्वचितच असते. १९४४ मध्ये वालचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज, प्लिमथ आणि फार्गो या नावांची वाहने बाहेर पडू लागली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले आणि पन्नासच्या दशकात फियाट ११०० आली. सत्तरच्या दशकात तिचेच नामकरण प्रीमियर पद्मिनी असे झाले.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. घरगुती वापरातील काही पद्मिनी, १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेली मारुती ८००, आणि तितकीच वये झालेल्या इतर गाड्या मात्र आजही पेढीमागच्या शेडमध्ये, वाड्याच्या अंगणात आढळतात. काही ठिकाणी वडिलांची आठवण म्हणून, काही ठिकाणी बाजारहाटासाठी म्हणून त्या सांभाळल्या जातात. यांतील एखादी गाडी अखेर विकायला निघते तेव्हा तिचे इंजिन थकलेले असतेच असे नाही. बहुधा घरातील मंडळींचा तिच्यावरचा भरवसा संपलेला असतो, आणि भरवसा संपवण्याचे काम अधूनमधून होणारा विजेचा बिघाड जितके सफाईने करतो तितके दुसरा कोणताही बिघाड करत नाही.

सकाळी गाडी एका झटक्यात सुरू होते, दुपारी सेल्फ नुसता ‘टक’ करून गप्प बसतो. गॅरेजमध्ये नेईपर्यंत ती पुन्हा शहाण्यासारखी चालू लागते. कारागीर तपासतो, त्याला काहीच सापडत नाही. मग अंदाजाने बॅटरी बदलली जाते, पुढच्या महिन्यात सेल्फ, त्याच्या पुढच्या महिन्यात अल्टरनेटर. खर्च होत राहतो आणि बिघाड आहे तिथेच राहतो.

प्रश्न केवळ पैशाचा असता तर तो सोसता आला असता. गळीत हंगामात बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस धावत असतात. त्यांतील अनेकींच्या मागे ना दिवा असतो, ना परावर्तक पट्टी. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून नातेवाइकांकडून परतणारे कुटुंब, गाडीत वृद्ध आई-वडील, अंधार दाटलेला, आणि नेमक्या त्याच वेळी हेडलाईट मंदावले तर काय होऊ शकते, याचा विचार प्रत्येकाने करावा. म्हणूनच या बिघाडाचा शोध ‘नंतर पाहू’ म्हणून टाकून देण्याजोगा नाही.

सुदैवाने हा शोध घेण्याची रीत व्यापारी माणसाला परकी नाही. ती त्याच्या कीर्द-खतावणीतच दडलेली आहे.

विजेची द्विनोंदी पद्धत

लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या ग्रंथात द्विनोंदी हिशेबपद्धतीचे विवेचन केले. प्रत्येक नाव्याला तितकीच जमा असते, हा तिचा गाभा. त्यानंतर साडेतीन शतकांनी, १८४५ मध्ये, गुस्ताव किरखोफ या तरुण जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने विजेच्या मंडलाविषयी जो नियम मांडला तो हिशेबनिसाला वाचताक्षणी ओळखीचा वाटेल. बंद मंडलात स्रोताने जितका विद्युतदाब पुरवला, तितकाच दाब मंडलातील निरनिराळ्या भागांवर मिळून खर्च होतो. एक शतांश व्होल्टही अधांतरी राहत नाही.

याचा व्यवहारातील अर्थ असा की गाडीच्या बॅटरीने १२ व्होल्ट दिले आणि दिव्यापर्यंत ११ पोचले, तर राहिलेला १ व्होल्ट कुठेतरी खर्ची पडलेला आहे. तो तारेत, स्विचमध्ये, फ्यूजच्या पकडीत किंवा बॉडीला आवळलेल्या बोल्टखाली गेला असेल. मीटर घेऊन टप्प्याटप्प्याने तपासत गेल्यास तो ज्या खात्यात पडला ते खाते सापडतेच.

एक साधा हिशेब पाहावा. प्रत्येकी ६० वॅटचे दोन हेडलाईट १२ व्होल्टवर मिळून १० अँपिअर प्रवाह घेतात. त्यांच्या वाटेवर कुठेतरी गंजामुळे एक दशांश ओहम इतका किरकोळ रोध निर्माण झाला, तर १ व्होल्ट तिथेच खर्च होतो. दाब बारा टक्क्यांनीसुद्धा घटलेला नाही, असे कोणी म्हणेल. पण दिव्याच्या तारेचा प्रकाश दाबापेक्षा कितीतरी वेगाने घटतो. एका व्होल्टच्या घटीने सुमारे पाव हिस्सा उजेड नाहीसा होतो. शिवाय त्या सांध्यावर १० वॅट उष्णता सतत निर्माण होते. होल्डर किंवा स्विच काळा पडून वितळतो तो यामुळेच.

आता तोच सदोष सांधा डॅशबोर्डवरील छोट्या दिव्याच्या मार्गात आहे असे समजू. हा दिवा जेमतेम पाव अँपिअर घेतो. त्याचे नुकसान पाव दशांश व्होल्ट, म्हणजे डोळ्याला न दिसण्याइतके. उलट सेल्फला लागतात शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहूनही अधिक. त्याच्या मार्गात हा सांधा आला तर सेल्फ जागचा हलणारही नाही. दोष तोच असतो, पण मागणी किती आहे त्यावर तो दिसायचा की लपायचा हे ठरते. लहान उधारीत दिवाळखोर व्यापारीही वेळेवर पैसे देतो. मोठी रक्कम मागितली की खरी पत कळते. विजेच्या सांध्याचेही तसेच आहे.

‘टेस्ट लॅम्प लागला, म्हणजे करंट येतोय’ हा गॅरेजमधील प्रचलित निष्कर्ष म्हणूनच अपुरा ठरतो. तारेतील बहुतेक धागे तुटून एखादाच शिल्लक असला तरी लहान दिवा लागतो आणि मीटरही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. मोजमाप नेहमी भार चालू असताना घ्यावे, म्हणजे हेडलाईट लावलेले असताना, सेल्फ फिरत असताना.

बिघाड येतो-जातो तो का

कायमचा तुटलेला सांधा शोधणे सोपे असते. अधूनमधून होणाऱ्या बिघाडात सांधा पूर्ण तुटलेला नसतो आणि नीट जुळलेलाही नसतो. उष्णता, हादरा, ओलावा आणि भार या चार गोष्टी त्याला कधी इकडे, कधी तिकडे ढकलतात.

बारामती-इंदापूरचा भाग पर्जन्यछायेचा आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या आसपास जातो. बॉनेटखाली त्यात इंजिनाच्या उष्णतेची भर पडते. धातू प्रसरण पावतो, पितळी पकडी ढिल्या होतात, इग्निशन कॉइलच्या आतील बारीक तारेचा अर्धवट तुटलेला धागा तापल्यावर विलग होतो आणि थंड झाल्यावर पुन्हा टेकतो. गाडी तापल्यावर बंद पडणे आणि अर्ध्या तासाने काही न करता सुरू होणे, हे अशा कॉइलचे किंवा डिस्ट्रिब्युटरमधील कंडेन्सरचे जुने लक्षण आहे.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. कार्ब्युरेटर असलेल्या गाड्यांत कडक उन्हात पेट्रोलची वाफ होऊन पंप अडतो, तेव्हाही लक्षण हुबेहूब असेच दिसते. अशा वेळी पंपावर ओले फडके टाकण्याचा तोडगा जुन्या चालकांना ठाऊक असे. गाडी बंद पडताच, ती थंड होण्यापूर्वी, जाणत्या कारागिराकडून प्लगवर ठिणगी येते का हे पाहून घ्यावे. जोरदार निळी ठिणगी येत असेल तर संशय विजेवरून काढून पेट्रोलकडे न्यावा. अर्थात पेट्रोलचा वास येत असेल तर ही तपासणी मुळीच करू नये.

काळ्या जमिनीवरचे रस्ते लवकर उंचसखल होतात, त्यामुळे हादऱ्यांना तोटा नाही. पहिल्या पावसाची ओल, गाडी धुताना आत गेलेले पाणी, गूळ-धान्याच्या गोदामातील धूळ या सर्वांचा थर सांध्यांवर बसतो. तांब्यावर हिरवट, बॅटरीच्या टोकांवर पांढरट बुरशीसारखा दिसणारा थर प्रवाहाला अडवतो. उसाच्या फडाजवळ किंवा गोदामालगत गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या तारा ही शक्यताही गृहीत धरावी लागते. कुरतडलेली तार कोरड्या दिवसांत निमूट असते आणि ओल आली की बॉडीला चिकटते.

जुन्या फियाट वळणाच्या गाड्यांतील फ्यूज हा तर स्वतंत्र विषय आहे. चिनी मातीच्या किंवा प्लास्टिकच्या लहान कांडीवर धातूची पट्टी, आणि दोन टोकांना स्प्रिंगची पकड, अशी त्यांची रचना असते. फ्यूज शाबूत असतो, पण पकडीवर गंज चढलेला असतो. बोटाने फिरवला की दिवा लागतो, खड्ड्यात गाडी आदळली की जातो. असे फ्यूज वर्षातून एकदा काढून टोके व पकडी घासून पुसल्या, तर कितीतरी गूढ बिघाड जन्मालाच येत नाहीत.

आधी रोजकीर्द

तेरीज जुळत नाही तेव्हा अनुभवी हिशेबनीस लगेच पाने चाळत सुटत नाही. आधी तो फरकाकडे निरखून पाहतो. फरकाला नऊने भाग जात असेल तर आकड्यांची उलटापालट झाली असावी, ५४ चे ४५ लिहिले गेले असावेत, हे तो जाणतो. फरक निम्मा केल्यावर तीच रक्कम कुठे दिसली तर नावेची नोंद जमेला गेली असावी. चुकीचे रूपच चुकीचा पत्ता सांगते.

गाडीच्या बिघाडालाही असे रूप असते, पण ते दिसण्यासाठी नोंदी लागतात. ‘कधी कधी बंद पडते’ ही नोंद नव्हे. वार, वेळ, हवा, गाडी किती चालली होती, काय चालू होते, नेमके काय झाले आणि कशाने पूर्ववत झाले, इतके लिहिले पाहिजे. अल्टरनेटर असलेल्या एखाद्या जुन्या पेट्रोल गाडीची अशी वही उदाहरणादाखल कल्पावी:

सोमवार, सकाळ. गाडी रात्रभर उभी होती. सेल्फ जरा मंद, पण गाडी सुरू झाली. चोकची दांडी ओढलेली होती, तिची केबल हाताला गरम लागली.

बुधवार, दुपार. बारामतीहून इंदापूरला पोचून अर्धा तास थांबा. सेल्फने फक्त ‘टक’ केले. ढकलून सुरू.

गुरुवार, सकाळ. काहीच तक्रार नाही.

शनिवार, रात्र. हेडलाईट लावताच इंजिनाच्या तापमानाचा काटा एकदम पुढे सरकला. दिवे बंद केल्यावर लगेच मागे आला.

या चार नोंदी सुट्या पाहिल्या तर बॅटरी, सेल्फ आणि तापमानमापक असे तीन संशयित उभे राहतात, आणि तिन्ही बदलण्याचा सल्लाही मिळतो. एकत्र वाचल्या तर चित्र पालटते. इंजिनातील पाणी एका क्षणात तापत नाही आणि एका क्षणात निवतही नाही. म्हणजे काटा तापमान दाखवत नसून विजेची गडबड दाखवत आहे. सेल्फ, अल्टरनेटर आणि तापमानाचा सेन्सर यांच्यात समान काय? तिन्ही इंजिनावर बसवलेले आहेत, आणि तिघांचाही परतीचा प्रवाह इंजिन व बॉडी यांना जोडणाऱ्या एकाच अर्थिंगच्या पट्टीतून जातो. ती पट्टी गंजली असेल तर प्रवाह दुसरी वाट शोधतो. इंजिनापासून डॅशबोर्डपर्यंत गेलेली चोकची लोखंडी केबल ही अशीच एक वाट. केबल गरम लागली ती त्यामुळे. त्या एका नोंदीने सारा उलगडा केला, आणि ती नोंद वहीत नसती तर कोणाच्या स्मरणातही राहिली नसती.

मग तेरीज

संशय कितीही बळकट असला तरी तो पुरावा नव्हे. येथे मीटर लागतो. साधा डिजिटल मल्टिमीटर यासाठी पुरेसा आहे. तो व्होल्टवर ठेवावा. अँपिअरवर ठेवून सेल्फच्या मार्गात कधीही जोडू नये, कारण बहुतेक मीटर १० अँपिअरपलीकडचा प्रवाह सोसत नाहीत.

इग्निशन कॉइलची तार काढून इंजिन सुरू होणार नाही अशी व्यवस्था करावी, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या व्यक्तीने काही सेकंद सेल्फ मारावा. तेवढ्या वेळात एकेका टप्प्यावरचा दाब मोजावा. वरच्या उदाहरणातील गाडीचे आकडे असे भरले असे समजू:

सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या दोन टोकांमध्ये: १०.८ व्होल्ट.
सेल्फला प्रत्यक्ष मिळालेले: ७.९ व्होल्ट.
बॅटरीच्या धन टोकापासून सेल्फपर्यंत गेलेले: ०.४ व्होल्ट.
बॉडी आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये: ०.१ व्होल्ट.
इंजिन आणि बॉडी यांमध्ये: २.४ व्होल्ट.

७.९, ०.४, ०.१ आणि २.४ यांची बेरीज १०.८ होते. तेरीज जुळली. आता मत-मतांतराला जागा उरत नाही. इंजिन आणि बॉडी यांमध्ये दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा अधिक खर्च होता कामा नये, तिथे २.४ गेले. बॅटरी निर्दोष, सेल्फ निर्दोष. पट्टीची दोन्ही टोके उघडून, गंज आणि रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात दिला की काम संपते. पट्टीचे विणलेले धागेच झिजले असतील तर ती बदलावी. बॅटरी, सेल्फ आणि अल्टरनेटर यांच्या किमतींपुढे तिची किंमत नगण्य असते.

दुरुस्तीनंतर हेच मोजमाप पुन्हा घेऊन वहीत लिहावे. खाते मिटले याची ती सही.

समोर न येणाऱ्या बिघाडाला बोलावणे

कारागिरापुढे गाडी शहाण्यासारखी वागते, ही तक्रार जुनी आहे. अशा वेळी बिघाडाची वाट पाहत बसण्यापेक्षा त्याला अनुकूल परिस्थिती निर्माण करावी. इंजिन चालू ठेवून, पंखा आणि पट्टा यांपासून हात, बाही व दागिने दूर ठेवून, तारांचे जुडगे एकेका टप्प्यावर हलवून पाहावे. लाकडी दांड्याने कनेक्टरवर हलकेच टिचकी द्यावी. संशयित रिले किंवा कॉइल केस वाळवण्याच्या यंत्राने माफक तापवावी. ओलाव्याचा संशय असेल तर फवाऱ्याच्या बाटलीने थोडे पाणी शिंपडावे. एका वेळी एकच गोष्ट करावी आणि तिचा परिणाम लिहावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर बिघाड गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि जे कळले नाही ते परत येते.

तात्पुरती पर्यायी तार हेही उत्तम साधन आहे. संशयित सांध्याला वळसा घालून फ्यूज लावलेली दुसरी तार जोडावी आणि गाडी आठवडाभर वापरावी. बिघाड थांबला तर आरोप सिद्ध झाला. थांबला नाही तर निदान एक नाव तरी यादीतून कमी झाले.

याच रीतीने रात्रीतून उतरणाऱ्या बॅटरीचाही छडा लागतो. पर्युषण पर्वात गाडी आठ-दहा दिवस जागची हलत नाही, आणि नंतर चावी फिरवली तर कुलूप लागल्यासारखी शांतता. डिकीतील ५ वॅटचा दिवा बंद होत नसेल तर तो सुमारे ०.४ अँपिअर घेतो. ३५ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी त्या एका दिव्यापायी साडेतीन दिवसांत रिकामी होते, आणि सेल्फ फिरवण्याची तिची ताकद त्याच्या बरीच आधी संपते. सर्व काही बंद करून, ऋण टोकाच्या मार्गात मीटर अँपिअरवर जोडून, एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजबरोबर आकडा कोसळतो त्या शाखेत गळती आहे. जुन्या गाडीत हा आकडा जवळजवळ शून्य असावा. नंतर रेडिओ किंवा अलार्म बसवला असेल तरी तो काही शतांश अँपिअरपलीकडे जाऊ नये.

दोन घातक सवयी

फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी तांब्याची जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळणे ही पहिली सवय. फ्यूज हा मंडलातील मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा आहे. त्याने स्वतः जळून तार वाचवायची असते. तो पक्का केला की पुढच्या वेळी तार तापते, तिचे आवरण वितळते, आणि डॅशबोर्डमागे पेटलेली आग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. फ्यूज उडणे ही तक्रार नाही, ती सूचना आहे. कुठेतरी तार बॉडीला घासते आहे, ती शोधली पाहिजे.

दुसरी सवय इंजिन चालू असताना बॅटरीचे टोक काढून ‘अल्टरनेटर चार्ज करतो का’ हे पाहण्याची. डायनॅमोच्या काळापासून ही पद्धत चालत आली. अल्टरनेटरच्या गाडीत मात्र टोक काढताच दाब क्षणभर उसळतो आणि अल्टरनेटरमधील डायोड, तसेच गाडीत इलेक्ट्रॉनिक भाग असतील तर तेही जळू शकतात. त्याऐवजी इंजिन किंचित वेगाने चालवून बॅटरीच्या टोकांवर मीटर लावावा. साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक आहे. दिवे लावल्यावर हा आकडा फार खाली गेला तर पुढे शोध घ्यावा.

पुढच्या काळातील, इंजिनावर संगणकाचे नियंत्रण असलेल्या गाड्यांना स्कॅनर जोडता येतो आणि तो दोषाचा क्रमांक दाखवतो. पण क्रमांक मंडलाचे नाव सांगतो, सांध्याचे नव्हे. सेन्सरकडून संदेश येत नाही एवढेच त्याला कळते. सेन्सर बिघडला, तार तुटली की पिन सैल झाली, हे मीटरनेच ठरवावे लागते. क्रमांक पाहून सेन्सर बदलणे ही अंदाजाने बॅटरी बदलण्याचीच नवी आवृत्ती आहे.

शोधाची मजुरी

इतके असूनही सुटे भाग बदलण्याचीच रीत का टिकून राहिली, याचे उत्तर कारागिराच्या अज्ञानात शोधणे अन्यायाचे होईल. ते गिऱ्हाइकाच्या हिशेबात आहे. नव्या बॅटरीचे बिल असते, तिची हमी असते, ती डोळ्यांना दिसते. म्हणून तिचे पैसे निमूटपणे दिले जातात. तेच तीन तास मीटर घेऊन गाडीखाली पडून राहिलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने अखेर एक बोल्ट घासून आवळला, तर ‘बोल्ट आवळायचे इतके पैसे?’ असा प्रश्न येतो. अशा वागणुकीतून कारागीर एकच धडा घेतो, की शोधून काढण्यापेक्षा विकणे फायद्याचे. हिशेब तपासनिसाची फी त्याने किती पाने लिहिली यावर कोणी ठरवत नाही. त्याने चूक शोधली यासाठीच ती दिली जाते. हाच न्याय गॅरेजमध्ये लावला, शोधाची मजुरी आधी ठरवली आणि ती घासाघीस न करता दिली, तर गावागावांत कष्टाळू निदानकर्ते तयार होतील. मालकानेही वही सोबत न्यावी. चार नेमक्या नोंदींमुळे कारागिराचा निम्मा वेळ वाचतो, आणि दोघांमधील अविश्वासही कमी होतो.

गाडी ठेवावी की काढावी, हा निर्णयही मग भावनेच्या किंवा वैतागाच्या भरात होत नाही. वहीतील बिघाड एकाच सांध्याकडे बोट दाखवत असतील तर तो दुरुस्त करून गाडी निर्धास्त वापरावी. दर महिन्याला नव्या जागी, नव्या मंडलात दोष निघत असेल, तारांचे आवरण हात लावताच तुकडे होऊन गळत असेल, तर संपूर्ण वायरिंग नव्याने करण्याचा खर्च मांडावा. तो झेपणारा नसेल तर गाडीला सन्मानाने निरोप द्यावा. दोन्ही परिस्थितींत निर्णयाला आधार असतो.

आजच करता येण्याजोगे काम छोटे आहे. गाडीच्या कप्प्यात शंभर पानी वही आणि पेन्सिल ठेवावी, पहिल्या पानावर बॅटरी बसवल्याची तारीख लिहावी, आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, मुलाला, सुनेला, ड्रायव्हरला, तीत नोंद करण्याची सवय लावावी. गाडी पुढे विकलीच, तर चावीबरोबर ती वहीही नव्या मालकाच्या हाती द्यावी.